हाक मारल्याशिवाय

मला जपानी बोलता येतं, असं मी कुणाला सांगायला जात नाही. एकदा सांगून बघितलं होतं. ऐकणारी बाई आधी हसली आणि मग माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघू लागली. तिचंही बरोबरच होतं. रनाळ्यात जन्मलेली, धुळ्याला मामाकडे राहून शिकलेली, नंदुरबारच्या मुलींच्या शाळेत बाराखडी घोकून घेणारी मास्तरीण जपानी शिकणार कुठून? आणि खरं सांगायचं तर ती सगळी भाषा मला येतच नाही. नमस्कार कसा करायचा हे मी केव्हाच विसरले. मला फक्त एवढंच बोलता येतं, की अमुक जमतं आणि अमुक जमत नाही. तेवढं मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

आमचं घर कापसाच्या जिनासमोर होतं. हे, म्हणजे आमचे यजमान, जिनाच्या ऑफिसात कारकून होते. दिवाळी झाली की फाटकापासून थेट आमच्या ओट्यापर्यंत बैलगाड्यांची रांग लागायची. जिनाची धडधड सुरू झाली की भिंतीवरची भांडी थरथरायची आणि कापसाची पुंजकी उडत येऊन वरणात पडायची. सासूबाई ती चिमटीनं काढून बाजूला ठेवायच्या आणि रोज त्याच जिनाला त्याच शिव्या द्यायच्या. हंगामात मुंबईच्या एका जपानी पेढीचा माणूस कापूस पारखायला यायचा. जिनामागच्या लहानशा बंगल्यात राहायचा, मोडकंतोडकं हिंदुस्थानी बोलायचा आणि कुणी समोर आलं की कमरेत वाकायचा. गाडीवानांना त्याची फार गंमत वाटे. काही जण मुद्दाम पुन्हा पुन्हा समोरून जात.

एका वर्षी तो बायकोला आणि लेकीला घेऊन आला. बायको माझ्याहून लहान, आणि लेक नुकती धड चालायला लागलेली. तो दिवसभर जिनात किंवा नवापूरकडच्या खरेदीवर, आणि ही बिचारी त्या बंगल्यात कुणाशी शब्द बोलण्याची सोय नसलेली. मग यांच्यामार्फत मला निरोप आला, की शाळा सुटल्यावर मास्तरीणबाईंनी तिला चार शब्द शिकवावेत. मी गेले. मला कामाची हौस होती असं नाही. घरात माझ्या लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता, आणि संध्याकाळच्या वेळी सासूबाईंच्या गप्प बसण्यापेक्षा जपानी बरी, असं मला वाटलं.

तिला शाळेतलं थोडं इंग्रजी येत होतं, मलाही तेवढंच. बाकी सगळं पाटीवर चित्रं काढून. मी झाड काढायचे, ती झाडाचं नाव सांगायची, मी झाडाचं मराठी नाव सांगायचे. वस्तूंची नावं भराभर झाली. पण माणसाला बोलायला वस्तू फारशा लागत नाहीत. तिला पहिल्या दिवसापासून सांगायचं होतं ते वेगळंच होतं. हे पाणी मला पिववत नाही. ही मिरची मला खाववत नाही. जिनाच्या आवाजानं मला झोप लागू शकत नाही. म्हणून आम्ही क्रियापदांना हात घातला.

तिच्या भाषेत ते सोपं होतं. क्रियापदाचं पोट जरासं बदलायचं आणि शेवटी ‘मास’ आलं की जमतं, ‘मासेन’ आलं की जमत नाही. जाता येतं ते ‘इकेमास’, जाता येत नाही ते ‘इकेमासेन’. झालं. मी म्हटलं, एवढंच? मग आमच्या मराठीची पाळी आली आणि बाईसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

ते समजवायला मला पाटी पुरली नाही, चूल लागली. एका सणाला सासूबाई मांडे करत होत्या. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरायची आणि पालथ्या खापरावर टाकायची, हे काम बघायला मी तिला घरी आणलं. तिनं बाह्या सारल्या आणि एक मांडा हातावर घेतला. तो तिच्या मनगटावरून घसरून थेट मांजरापुढे पडला. तीही हसली, आणि सासूबाई तर इतक्या हसल्या, की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला. मी म्हटलं, हे बघ, याला म्हणतात ‘मला मांडे करता येत नाहीत.’ कारण तू शिकली नाहीस. सासूबाईंना येतात, पण संध्याकाळपर्यंत त्यांचे हात भरून येतील, तेव्हा त्या म्हणतील ‘आता मला करवत नाहीत.’ आणि उद्या डब्यातली कणीकच संपली तर त्या म्हणतील ‘मी करू शकत नाही.’ तिनं तिन्ही वाक्यं बोटांवर मोजली आणि डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली. एक ‘नाही’ एवढ्या वेगवेगळ्या जागी ठेवणारी माणसं तिनं बघितली नसावीत. सासूबाईंना मी काय चाललंय ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “हाई सगळं तुम्हनं शाळानं. आमनं एकच शे. मन्हाघाई व्हत नही. बस.” माझ्याच्यानं होत नाही, एवढंच. अहिराणीनं जपानीशी असं परस्पर जमवून टाकलं आणि मी मधल्यामध्ये उघडी पडले.

एक गोष्ट मात्र दोघींची अगदी सारखी निघाली. ऐकणं माणूस करतो, पण आवाज आपोआप कानावर येतो, त्याला आपण म्हणतो ‘ऐकू येतं’. त्यात आपलं काही कर्तृत्व नसतं. तिच्याकडेही त्याला वेगळा शब्द होता, ‘किकोएमास’. हे जुळलं तेव्हा तिनं लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. मी त्या शब्दाचा तेव्हा फार विचार केला नाही.

लेकीचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याचं कारण पुढे कळेल. गल्लीतल्या बायका तिला बाहुली म्हणायच्या, ते पुरे. बाहुली बंगल्यात राहीना. आईचा डोळा चुकवून, कुणा गाडीवानाचं बोट धरून ती आमच्या अंगणात यायची आणि सासूबाईंच्या मांडीवर जाऊन बसायची. सासूबाईंनी नातवंडासाठी चांदीचे वाळे करून ठेवले होते, बारीक घुंगरांचे. ते वर्षानुवर्षं पेटीत पडून होते. एका दुपारी त्यांनी पेटी उघडली आणि ते वाळे काढून बाहुलीच्या पायांत घातले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. मग ती अंगणभर छुमछुम करत पळाली आणि मला त्या वाळ्यांना आवाज आहे हे पहिल्यांदाच कळलं.

दारासमोरून कापसाच्या गाड्या जायच्या, म्हणून भीती होती ती रस्त्याची. मी तिला शिकवलं, की अंगणाच्या दाराच्या उंबऱ्यापाशी यायचं आणि थांबायचं. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून, गाड्या थांबवून हाक मारीन, मगच उंबरा ओलांडायचा. मी तिचं नाव घ्यायचे आणि म्हणायचे, “चाल वं माय, घर चाल.” की ती धावत यायची आणि मी तिला बंगल्यावर पोचवायचे. कित्येकदा मी मुद्दाम उशिरा हाक मारायचे. ती उंबऱ्याशी वाळे आपटत उभी राहायची, रडकुंडीला यायची, पण पाऊल बाहेर टाकायची नाही. स्वतःच्या आईचंही ती एवढं ऐकत नसे.

हंगाम उतरणीला लागला तेव्हा ती आजारी पडली. आई आधीच हिवतापानं अंथरुणाला खिळलेली, वडील नवापूरकडे. डॉक्टर आले, औषध देऊन गेले. सासूबाई तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सकाळी जिनाचा भोंगा वाजला, तेव्हा त्यांनी मला हाक मारली आणि मी बघितलं तर पोर गेलेली होती. आईला शुद्ध नव्हती.

पुढे जे झालं ते आमच्या रीतीनं झालं. एवढ्याशा जिवाला आम्ही अग्नी देत नाही, मातीत ठेवतो. आणि दिवस मावळेपर्यंत घरात ठेवत नाही. नवापूरला माणूस पाठवला होता, पण तो साहेबाला, म्हणजे तिच्या वडिलांना, शोधून आणणार कधी? यांनी, जिनाच्या मुकादमानं आणि गल्लीतल्या चार बाप्यांनी नदीकाठच्या बाभळीखाली जागा केली, मीठ टाकलं आणि तिला ठेवलं. वाळे काढायला कुणीतरी हात पुढे केला, तर सासूबाई अंगावर धावून गेल्या. वाळे पायांतच राहिले. पुढे काही शहाण्यांनी मला विचारलं, थोडं थांबला का नाहीत? मला अजून त्या प्रश्नाचा राग येतो. परक्या मुलखात एकटं पडलेलं लेकरू होतं ते. आपल्या घरचं समजून जे करायचं ते आम्ही केलं. त्यात चुकलं असं मला आजही वाटत नाही.

पण त्यांची रीत वेगळी होती. साहेब परत आल्यावर यांच्यापाशी इंग्रजीत बोलला ते यांनी मला सांगितलं. त्यांच्याकडे अग्नी देतात, मग घरची माणसं अस्थी वेचून एका भांड्यात ठेवतात. परदेशात माणूस गेलं तर ते भांडं मांडीवर घेऊन घरी जातात. आता ते मांडीवर घ्यायला काहीच नव्हतं. मातीतून काढायचं का, असं तो हळूच विचारत होता. सासूबाईंच्या कानावर गेलं, तशा त्या ओट्यावरूनच ओरडल्या, “माटीमा ठेवेल लेकरू उकरतस का कोनी?” जिनाचा मॅनेजर परवानगी काढू म्हणाला. शेवटी साहेबानं बायकोला विचारलं. ती भिंतीला टेकून बसली होती. ती एकच शब्द बोलली, ‘मिरारेमासेन’. मला बघवणार नाही. तो शब्द मीच पाटीवर तिच्याकडून लिहून घेतला होता, गाडीखाली आलेलं कुत्रं रस्त्यावर पडलं होतं त्या दिवशी.

उकरायचा विषय तिथेच संपला. पण मग दुसराच सुरू झाला. ती नंदुरबार सोडायला तयार होईना. होळीचे दिवस आले, डोंगरातले मजूर काठी गावच्या होळीला म्हणून निघून गेले, जीन थंडावलं. पेढीची तार आली, की साहेबानं कुटुंबासह जपानला परतावं. बायको म्हणे, इकेमासेन. मला जाता येत नाही. मुलगी इथे आहे. साहेब माझ्याकडे आला, नेहमीपेक्षा जास्त वाकला आणि म्हणाला, “बाई, आप उसको सिखाओ, मैं जा सकती हूँ.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी व्याकरण शिकवणारी बाई. शब्द तोंडी बसवता येतात, पाय उचलून देता येत नाहीत.

तरी मी रोज जात होते. पाटी घेऊन बसत होतो. ती सगळ्या क्रियापदांना नीट ‘मास’ लावायची. आता तिला मिरची खाता येत होती, आडाचं पाणी पिता येत होतं. ‘जाणे’ आलं की ती थांबायची, आणि मग ‘मासेन’. एका दुपारी जीन बंद होतं आणि सगळीकडे सामसूम होती. तिनं एकदम मान वर केली, नदीच्या बाजूला वळवली आणि म्हणाली, “किकोएमास.” मी विचारलं, काय ऐकू येतं? तिनं बोटांनी घोट्यापाशी हलवून दाखवलं. वाळे. मी पुष्कळ कान दिला. मला काही ऐकू आलं नाही.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं, त्या म्हणतील तापानं डोकं फिरलंय बाईचं. त्या सुपातलं धान्य पाखडत होत्या, त्या थांबल्या. म्हणाल्या, “येवाजोगंच शे. पोर तठेच खेळी ऱ्हायनी. तिले कोनी हाकच मारी नही.” मग मला आठवलं. आमच्या रनाळ्यातही ही रीत होतीच. तिन्हीसांजेला शेतातून, नदीवरून लेकराला घेऊन निघायचं तर आई तिथली चिमूटभर माती त्याच्या कपाळाला लावते, नाव घेऊन हाक मारते आणि मागे न बघता चालू लागते. नाहीतर पोर घरी येतं आणि त्याचा जीव तिथेच रेंगाळत राहतो. मी स्वतः आईच्या मागून अशी कितीदा आले असेन. सासूबाई म्हणाल्या, “तिनी मायले सांग. हाक मार, आन् मांगे देखू नको. पोर मांगेमांगे ई.” मागोमाग येईल.

मी शिकलेली बाई. मला हे सांगायची लाज वाटली पाहिजे होती. पण मी धावत बंगल्यावर गेले आणि पाटीवर चित्रं काढून, हातवारे करून, सगळं तिला समजावलं. तिला दोनदा सांगावं लागलं नाही. ती उठली, आरशासमोर गेली आणि कितीतरी दिवसांनी तिनं केस विंचरले. साहेबानं त्याच दिवशी तिकिटांची व्यवस्था केली.

सुरतेकडे जाणाऱ्या गाडीच्या आधी, सकाळच्या कोवळ्या उन्हात, आम्ही दोघी नदीवर गेलो. साहेब सामान घेऊन टांग्यानं परस्पर स्टेशनवर गेला होता. बाभळीखाली ती गुडघ्यांवर बसली. चिमूटभर माती घेऊन तिनं ती स्वतःच्या कपाळाला लावली, थोडी रुमालात बांधली. मग उभी राहिली, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. पुन्हा उघडलं. मान ताणली गेली, ओठ हलले, पण नाव काही बाहेर पडेना. ती माझ्याकडे वळली. “योबेमासेन,” म्हणाली. हाक मारवत नाही. आणि हात जोडून मला म्हणाली, “सेन्सेई.” सेन्सेई म्हणजे मास्तरीण. ती मला तेवढं एकच म्हणत असे.

तिकडे गाडीची वेळ होत होती. मी काय करणार होते? मी नदीकडे तोंड करून उभी राहिले, आणि मला जशी सवय होती तशीच हाक मारली. आधी नाव, आणि मग, “चाल वं माय, घर चाल.” ते शब्द मी निवडले नव्हते, रोजचेच तोंडातून गेले. मग वळून आम्ही चालू लागलो. हाक मारणाऱ्यानं पुढे चालायचं, म्हणून मी पुढे आणि ती मागे. वाटेत दोघींनीही मागे बघितलं नाही. स्टेशनवर डब्यात बसल्यावर तिनं रुमाल मांडीवर ठेवला. तिचा चेहरा इतका मोकळा मी त्याआधी एकदाच बघितला होता, मांडा मांजरापुढे पडला तेव्हा. खिडकीतून माझा हात धरून ती म्हणाली, “इकेमास.” मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. गाडी सुटली.

परत येताना बाजाराची वाट सोडून मी जिनाच्या भिंतीकडेनं आले. तिथे सावली असते. भिंत अर्धी संपली असेल तेव्हा मागून छुमछुम ऐकू आली. मी थांबले की थांबायची. मी चालले की यायची. मागे बघायचं नाही एवढंच मी मनाला बजावत राहिले. घराशी आले, तर सासूबाई अंगणात बाजेवर पडल्या होत्या. त्यांनी मान उचलली, माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या पायांच्या मागे, जमिनीलगत बघितलं आणि विचारलं, “उनी का वं?” आली का, म्हणून.

मला काय वाटलं ते लिहूनच टाकते. मी घाबरले होते, आणि मला आनंद झाला होता. दोन्ही खरं आहे. त्या घरात मी इतकी वर्षं ज्या आवाजाची वाट बघत होते तो आवाज आला होता, आणि तो दुसरीचा होता. रात्री मी यांना सांगितलं. हे म्हणाले, थकली आहेस, झोप. पण त्यानंतर आमच्या अंगणात दुपारी, जीन बंद असताना, तो आवाज येत राहिला. सासूबाई वारल्या त्या दिवशीही त्यांच्या बाजेभोवती तो फिरत होता. यांना कधीच ऐकू आला नाही. मला येतच राहिला.

पुढच्या हंगामात साहेब एकटाच आला. त्याचे केस पिकले होते. मी बायकोची चौकशी केली. त्यानं सांगितलं, ती रोज दुपारी रुमाल पुढ्यात घेऊन बसते आणि कान देते. काही ऐकू येत नाही म्हणते. वाटेत, समुद्रावर कुठेतरी, पोर आपल्या हातून सुटली असं तिनं मनाशी घेतलं आहे. हे ऐकून मला राहवलं नाही. माझ्या हिंदुस्थानीत, जपानीत, जे येईल त्यात मी त्याला सांगितलं, की पोर सुटलेली नाही. हाक मी मारली होती, ती माझ्या मागे आली. ती इथे आहे. मला वाटलं तो हसेल, नाहीतर चिडेल. त्यानं बूट काढले. ओट्यावर बसला. “किकोएमास का?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “किकोएमास.” तो ऊन उतरेपर्यंत कान देऊन बसला. त्याला काही ऐकू आलं नाही. उठताना तो अंगणाकडे तोंड करून वाकला आणि मला म्हणाला, की मी बायकोला घेऊन येईन. तिची आई येऊन तिला हाक मारील. तोवर, बाई, आप रखो.

मी सांभाळलं. मी दरसाल वाट बघितली. एकदा बायको आजारी म्हणून आली नाही, मग बोटींचं काही जमेना. मग जगभर पेटलेलं ते युद्ध इकडेही आलं. एका सकाळी पोलीस येऊन साहेबाला घेऊन गेले. जपानी म्हणून जेवढे होते तेवढे सगळ्याच मुलखातून उचलले, असं हे म्हणाले. बंगल्याला सील लागलं. तो गेल्यानंतर त्याचं काय झालं, तिचं काय झालं, मला कुणी सांगितलं नाही आणि विचारायला कुणी उरलं नाही. तिच्या देशातल्या गावांवर काय पडलं ते वर्तमानपत्रात आलं, तेव्हा मी शाळेत होते. मी मुलींना पाढे म्हणायला लावले आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

युद्ध संपल्यावर जीन दुसऱ्या मालकाकडे गेलं आणि यांना जळगावची नोकरी आली. घर सोडायचं ठरलं. आमच्या जागी धान्याचा कुणी व्यापारी येणार होता, त्याला अंगण पोती ठेवायला हवं होतं. सामान बांधताना मला दुसरं काही सुचत नव्हतं. हाक मारली तर ती माझ्यामागे जळगावला येईल. मग तिची आई कधी आलीच, जिवंत असेल आणि आलीच, तर या दारात उभी राहून ती कुणाला हाक मारील? आणि नाही मारली तर पोर इथे एकटी राहील, पोत्यांमध्ये. यांना विचारण्यात अर्थ नव्हता. सासूबाई असत्या तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं.

टांगा दाराशी आला. हे सामान चढवत होते. मी रिकाम्या घरातून सगळ्यात शेवटी बाहेर आले, उंबरा ओलांडला आणि रस्त्याच्या मधोमध, जिथे मी गाड्या थांबवून उभी राहायचे, तिथे उभी राहिले. मला हाक मारायची होती. देवाशपथ, मला ती माझ्याबरोबर हवी होती. मी तोंड उघडलं. नाव ओठांवर आलं. आणि मला ती बाभळीखाली उभी राहिलेली बाई दिसली, मान ताणलेली, ओठ हलणारे. ते नाव घेऊन हाक मारायचा हक्क तिचा होता. मला हाक मारवली नाही.

हे म्हणाले, चला, गाडी चुकेल. मी टांग्याकडे गेले. हाक मारली असती तर मागे बघायचं नव्हतं. मी मारली नव्हती, म्हणून मला बघायची मोकळीक होती. मी वळून बघितलं. अंगणात ऊन पडलं होतं, दार उघडं होतं. छुमछुम अंगणातून धावत आली आणि उंबऱ्यापाशी थांबली. मग जागच्या जागी वाळे आपटल्याचा आवाज आला, एकदा, पुन्हा एकदा. टांगा हलला, वळणापर्यंत गेला, तरी तो आवाज तिथेच होता. हाक मारल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हे तिला मीच शिकवलं होतं.